तोल शिकविताना

माझ्या नातीने वयाच्या नवव्या वर्षी सायकलचा हट्ट धरला. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. या अवस्थेत मेंदूला जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच झालेली इजा पुढे वाढत नाही. मात्र स्नायूंवरील ताबा उणा राहतो. तिच्या बाबतीत तो उणेपणा डाव्या हातापायात आहे. मुलगा आणि सूनबाई दोघेही नोकरीला जातात. घरात मोकळा वेळ होता तो माझ्याकडेच.

आरंभ डॉक्टरांच्या सल्ल्याने केला. फिट्स येतात का, नजर कशी आहे, खुब्याचा सांधा जागेवर आहे का, हे पाहून त्यांनी अनुमती दिली. मूल डाउन सिंड्रोमचे असेल, तर मानेच्या वरच्या मणक्यांविषयीही अवश्य विचारावे.

मग सायकल तिच्या शरीराजोगी करून घेतली. मधला आडवा दांडा नसलेली, म्हणजे पाय फार उचलावा न लागणारी सायकल निवडली. मागच्या चाकाचा ब्रेक डाव्या मुठीवर होता. तो मेकॅनिककडून उजवीकडे घेतला. सीट इतकी खाली आणली की दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत. दोन्ही पायडल काढून ठेवले. (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे पाना हाती घेण्यापूर्वी ध्यानात असावे.) मागे लावायची लहान चाके मात्र घेतली नाहीत. त्यांच्या आधाराने सायकल कलतच नाही; आणि ज्या बाजूला ती कलते त्या बाजूला हँडल किंचित वळविणे, हेच तर तोलाचे मर्म आहे.

आमचे बुलढाणे अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसलेले. येथे सपाट रस्ता शोधावा लागतो. उतार मात्र घराबाहेर पडताच भेटतो. वस्तीतल्या रहदारी नसलेल्या एका सौम्य उतारावर आमची शाळा भरू लागली. सकाळी वीस मिनिटे, त्याहून अधिक नाही. कारण थकलेला स्नायू अधिक आखडतो. डोक्याला हेल्मेट, पायात बंद बूट. प्रथम पायांनी जमीन ढकलीत जाणे, मग पाय उचलून दोन क्षण तरंगणे. आधार द्यायचा तो पाठीला किंवा खांद्याला. हँडल आपण धरले, तर तोल मूल सांभाळत नाही, आपणच सांभाळतो.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज ७५ मिनिटे याप्रमाणे पाच दिवसांच्या खास प्रशिक्षणानंतर ५६ टक्के मुले सुमारे ३० फूट अंतर स्वबळावर सायकल चालवू शकली. उरलेल्यांना अधिक अवधी हवा होता, असाच अर्थ मी घेतला. आम्हाला तर पाच महिने लागले.

पायडल पुन्हा बसविल्यावर डावा पाऊल घसरू लागला. रुंद पायडल आणि झटक्यात सुटेल अशी वेल्क्रोची पट्टी, हा उपाय फिजिओथेरपिस्टने सुचविला. नात दोनदा पडली, गुडघा सोलवटला. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्या म्हणाल्या, “बाबा, आता पुरे.” मी नातीकडे पाहिले. ती धूळ झटकून सायकल उभी करीत होती. “आबा, सोडू नका हं,” असे ती रोज म्हणे. एका सकाळी तिने ते म्हटले नाही. माझी बोटे तिच्या पाठीला जेमतेम टेकली होती. ती केव्हा सुटली, ते आम्हा दोघांनाही कळले नाही.

प्रत्येक मुलाला दोन चाके साधतीलच असे नाही, आणि तीनचाकीवर बसणे हा पराभवही नव्हे. केंद्र सरकारच्या १९८१ पासून चालू असलेल्या ‘एडिप’ योजनेतून पात्र दिव्यांगांना तीनचाकीसारखी साधने मिळतात. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवावे.

आपल्या वयाच्या मंडळींना एक सांगावेसे वाटते. सायकलमागे धावू नये. आपले गुडघे आणि कंबर जपावी, धावण्यासाठी घरातील तरुण हात सोबत घ्यावा. पण तेच वाक्य शंभराव्यांदा तितक्याच शांतपणे सांगणे, हे काम आपलेच. धावपळीच्या घरात तेवढी सवड दुसऱ्या कोणाजवळ असते?