घरचे बियाणे

१९९४ साली मी शाळकरी पोर होतो. नशिराबादच्या ओसरीवर आप्पा रेडिओला कान लावून बसत. अनुदानांवरून युरोप-अमेरिका वर्षानुवर्षे भांडली, तेव्हा कुठे गॅटचा करार जुळला. आप्पांना चिंता मडक्यात राखलेल्या सरकीची! घरचे बियाणे पुन्हा पेरता येईल ना, हेच खासदार संसदेत सरकारला विचारीत. एप्रिलात वाणिज्यमंत्री प्रणव मुखर्जींनी माराकेशला सही केली. बियाणे राखण्याचा हक्क २००१ साली कायद्यात आला. पुढच्याच वर्षी बीटी कपाशी आली. दरसाल नवे पाकीट घेणे आले.

परवा दिवाळीच्या साफसफाईत आईने ते रिकामे मडके पुढे केले. "ठेवू की टाकू रे?"

वर्गात प्रश्नोत्तराचा तास शिकविणारा मी. मला उत्तर सुचले नाही.