खापरपणजीचे मत

तीस वर्षे आम्ही नागरिकशास्त्र शिकवले आणि तीस वर्षे राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा धडा एका तासात उरकला. 'जनतेचे निर्वाचित प्रतिनिधी राष्ट्रपतींची निवड करतात' हे वाक्य मुलांच्या वहीत उतरले की आमचे कर्तव्य संपे. मतांच्या मूल्याचे सूत्र परीक्षेत सहसा येत नसे. म्हणून ते पान आम्ही सरळ उलटीत असू. त्या आळसाचा हिशेब २०२२ च्या जुलैत चुकता करावा लागला.

द्रौपदी मुर्मू आणि यशवंत सिन्हा यांच्यात तेव्हा लढत होती. आमच्या धर्मग्रामातील युवकगटाने वादविवाद ठेवला : 'राष्ट्रपतींची निवडणूक लोकशाहीला धरून आहे काय?' परीक्षकाची खुर्ची आमच्याकडे आली. आमची नात विरोधी बाजूने बोलणार होती. तिला आम्ही गुण देणार नाही, हे आधीच सांगून टाकले. तयारी मात्र तिने आमच्याच ओटीवर बसून केली.

तिची पहिली तक्रार गोव्यावरून. महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १७५ मोलाचे, उत्तर प्रदेशाचे २०८, गोव्याचे अवघे २० आणि सिक्कीमचे ७. "आजोबा, गोव्याच्या आत्याचा आमदार आपल्या आमदाराच्या नवव्या हिश्शाएवढाच?" याचे उत्तर आम्हांस देता आले. राज्याच्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागायचे, मग हजाराने. गोव्याचा आमदार थोड्या माणसांचा प्रतिनिधी, म्हणून त्याचे मत हलके. यात अन्याय नाही. माणसामागे माणूस सारखा धरण्याची खटपट आहे. तिला ते पटले. तिने पेन्सिल उचलून उलटा गुणाकार मांडला : २८८ आमदार, प्रत्येकी १७५, वर हजार. पाच कोटी चार लाख.

"पण आजोबा, आपण अकरा कोटींच्या वर आहोत ना?"

इतकी वर्षे उलटलेले पान अखेर वाचावे लागले. ही लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो आकडा २००० सालानंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवला. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. ज्या राज्यांनी लोकसंख्येला आळा घातला त्यांचे वजन त्यापायी घटू नये, हा हेतू. (सिक्कीम तर १९७१ मध्ये भारताचे राज्यही नव्हते!)

१९७१ चा गणक आम्हांस आठवतो. याच ओटीवर तो बसला होता. आमच्या आजीला वय सांगता येईना. 'प्लेगच्या साली झाले' एवढेच ती म्हणाली आणि त्याने अंदाजाने आकडा मांडला. आजी, आई, वडील आणि आम्ही, अशी चार माणसे त्याने लिहून घेतली. त्यांतील तिघे आता चर्चमागच्या दफनभूमीत आहेत. आमचा मुलगा जन्मला १९७६ मध्ये, नात २००३ मध्ये.

"म्हणजे खापरपणजी अजून मोजली जाते आणि मी नाही?"

आम्ही चष्मा पुसू लागलो.

सभागृहात तिने हेच वाक्य म्हटले, तेव्हा टाळ्या पडल्या. मग उठला तो समोरच्या बाजूचा मुलगा. पोर शांत डोक्याचे. थेट निवडणुकीची मागणी घटनासमितीत के. टी. शहा यांनी केली होती, इथून त्याने आरंभ केला. परंतु खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे असताना राष्ट्रपतींना सगळ्या देशाने मत दिले, तर एका म्यानात दोन तलवारी होतील, असे त्याचे म्हणणे. मतपत्रिका गुप्त असते, पक्षादेश चालत नाही, हे सांगताना त्याने १९६९ चा दाखला दिला : काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी पडले आणि व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले. अखेर तो नातीच्या मुद्द्याकडे वळला. २०११ ची लोकसंख्या धरली तर महाराष्ट्राचे १७५ चे ३९० होतात, कबूल. पण इतरांचेही वाढतात. केरळचे १५२ चे २३९, उत्तर प्रदेशाचे २०८ चे ४९६. "लहान कुटुंबाची शिक्षा केरळने का भोगावी?"

नातीला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर, आम्हांसही नाही. राष्ट्रपती आमदार-खासदारांनी निवडावा, यात आम्हांस काही वावगे दिसत नाही. तो गोठलेला आकडा मात्र घशात अडकतो. केरळला न्याय देताना उत्तर प्रदेशात नंतर जन्मलेल्या मुलाचे माणूसपण कमी भरते, आणि त्याने कोणता गुन्हा केला? दोन्ही पारडी एकाच वेळी सरळ धरता येतील, अशी तागडी आमच्या पाहण्यात नाही.

बक्षीस त्या मुलाला गेले. मुर्मू ६,७६,८०३ विरुद्ध ३,८०,१७७ अशा मतमूल्याने विजयी झाल्या.

नोव्हेंबरच्या २ तारखेला आम्ही मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत गेलो. प्रार्थना झाल्यावर नात कबरींवरची नावे वाचीत पुढे सरकू लागली. तिचे ओठ हलत होते. आम्ही जवळ गेलो, तर ती मृत्यूची साले पाहून मोजीत होती : "हे मोजलेले. हेही मोजलेले. हे ६८ चे, हे नाहीत."