नेम आणि निवाडा

आमच्या सुप्याहून नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जाणारा रस्ता सैनिकांच्याही ओळखीचा आहे. तेथे रणगाडा दलाचे शिक्षण केंद्र आहे आणि खारे कर्जुने परिसरात के. के. रेंज हे लष्करी सरावक्षेत्र आहे. याच क्षेत्रात २२ सप्टेंबर २०२० रोजी ‘अर्जुन’ रणगाड्यातून डागलेल्या क्षेपणास्त्राने ३ किलोमीटरवरील लक्ष्य अचूक भेदले. लक्ष्यावर लेसरचा किरण रोखायचा आणि त्याच्या आधारे अस्त्राने तेथवर पोहोचायचे, असे हे तंत्र. पुणे व देहरादून येथील प्रयोगशाळांनी ते घडविले. आम्हांस त्याचा अभिमान वाटतो; पण त्याबरोबर एक विचारही मनात घर करून राहतो.

पूर्वी नेम लागत नसे, म्हणून बॉम्बची संख्या वाढवावी लागे. व्हिएतनाममधील थान होआ पुलावर १९६५ पासून शेकडो विमानांनी हल्ले केले, तरी तो उभाच राहिला. मे १९७२ मध्ये लेसर-बॉम्बांनी तो निकामी केला. तेव्हापासून सेनापतीचा प्रश्नच बदलला. ‘किती टाकायचे?’ याऐवजी ‘नेमके काय भेदायचे?’ असे तो विचारू लागला. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर आपल्या मिराज विमानांनी लेसर-बॉम्ब टाकले, ते याच विचाराने.

शहरेच्या शहरे सरसकट नष्ट करणे हा देवाविरुद्ध व मानवाविरुद्ध गुन्हा होय, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली बजावले होते. अचूक अस्त्रांनी ती चिंता मिटली, असे कुणी म्हणेल. बगदादमधील अमिरिया येथील घटना मात्र निराळेच सांगते. १३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकी विमानांनी तेथील निवाऱ्यावर दोन लेसर-बॉम्ब टाकले. दोन्ही ठरल्या जागी पडले. टाकणाऱ्यांच्या लेखी ते लष्करी ठाणे होते. आत आश्रयाला आलेली कुटुंबे होती. चारशेहून अधिक नागरिक प्राणास मुकले. नेम चुकला नव्हता. निवाडा चुकला होता.

म्हणून अस्त्र जितके अचूक, तितकी ते सोडणाऱ्याची जबाबदारी मोठी. ‘बॉम्ब भरकटला’ ही सबब आता फारशी उरलेली नाही. शिवाय युद्ध थोडक्यात आटोपेल असे वाटू लागले, की हात लवकर उगारला जातो. आपल्या पंचक्रोशीतील मुलेही सैन्यात जातात. त्यांच्या हाती उत्तम अस्त्र असावे, अशी आमची प्रार्थना आहे. आणि ते कोणावर रोखायचे हे ठरविणाऱ्यांजवळ पुन्हा एकदा खात्री करून घेण्याइतका धीर असावा, ही त्याहून मोठी प्रार्थना.