काकांचीं काडतुसें

आमच्या शहापूरच्या घरांत देवघराच्या भिंतीला लागून एक अंधारी खोली होती. तींत दोन बंदुका असत. ब्राह्मणाच्या घरांत बंदूक कशाला, असा प्रश्न येणारा प्रत्येक पाहुणा करी, आणि आजी "आमच्या धाकट्याचें खूळ" एवढेंच उत्तर देई. हें खूळ आमच्या काकांचें. काका वकील होते. कुळांचे व जंगलचे खटले चालवितां चालवितां शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतले पुष्कळसे पाडे त्यांच्या ओळखीचे झाले होते. भातांत डुकरें शिरलीं, किंवा बिबळ्यानें गोठ्यांतलें वासरूं उचललें, कीं बोलावणें येई. काकांनीं जन्मांत मांसाला स्पर्श केला नाहीं. डुक्कर पडलेंच तर तें पाड्यावर वांटलें जाई, व काका घरीं येऊन स्नान केल्यावांचून माजघरांत पाऊल टाकीत नसत. आजीची तेवढीच अट होती.

शिकारीच्या गोष्टी वाचकांनीं पुष्कळ वाचल्या असतील. आम्हांस सांगावयाचें आहे तें त्या मानानें रुक्ष आहे. तें काडतुसांविषयीं आहे.

दोहोंपैकीं एक दुनळी बारा बोअरची होती. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळींत बेताची बसेल ती नळी बारा बोअरची, हा हिशेब काकांनीं आम्हांस त्रैराशिक शिकवितांना सांगितला होता. हिचीं काडतुसें काका घरींच भरीत. दिवाळी झाली, हवा कोरडी पडली, कीं हा उद्योग सुरू होई. पावसाळ्यांत भरण्याची सोयच नसे, कारण आमच्या कोंकणच्या दमट हवेंत काडतुसाचें कागदी नळकांडें फुगतें आणि मग तें नळींत शिरत नाहीं. ओसरीवर घोंगडी पसरून काका बसत. दिवा, चूल, उदबत्ती यांपैकीं कांहीं जवळपास दिसलें तर उठून जात. जुनी टोपी काढावयाची, नवी बसवावयाची, काळी दारू मापून घालावयाची, तीवर पुठ्ठ्याची चकती, मग छर्रे, पुन्हां चकती, आणि शेवटीं कागदाची कड आंत वळवून तोंड बंद. काळी दारू म्हणजे शोरा, गंधक आणि कोळसा. बिनधुराची नवी दारू त्याच मापानें भरली तर नळी फुटून हात जातो, म्हणून ती त्यांनीं घरांत कधींच आणली नाहीं. चकत्या पाडण्याचें काम आमचें. त्यासाठीं लग्नाच्या जाड निमंत्रणपत्रिका वर्षभर सांठवून ठेवलेल्या असत. आमच्या दोन आत्यांच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका अशा रीतीनें डुकरांच्या मागें गेल्या. काकूंना हा प्रकार अशुभ वाटे, पण त्या बोलत नसत.

दुसरी रायफल. १९४७ सालीं मायदेशीं निघालेल्या एका इंग्रज अंमलदाराकडून काकांनीं ती घेतली होती. हॉलंड अँड हॉलंड यांनीं १९१२ सालीं काढलेल्या जातीची. नळीचा व्यास इंचाच्या ३७५ सहस्रांश. या व्यासांच्या आंकड्यांतही राजकारण असतें. त्यापूर्वीं साडेचारशें सहस्रांशाची जात फार खपे. परंतु तीं काडतुसें बंडखोरांच्या हातच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना उपयोगी पडतील, या भीतीनें १९०७ च्या सुमारास सरकारनें त्या मापाला हिंदुस्थानांत बंदी केली. लगोलग विलायतेच्या कारागिरांनीं ४६५, ४७०, ४७५ अशीं नवीं मापें काढलीं. हत्तीला मारणाऱ्या बंदुकीचा व्यास रयतेच्या धाकानें ठरावा, याची काकांना मोठी मौज वाटे.

रायफलीचीं काडतुसें मात्र ते भरीत नसत. आम्हीं कारण विचारलें तेव्हां एक रिकामें पितळी नळकांडें आमच्या हातीं देऊन ते म्हणाले, "आंत पाहा." आंत बुडाशीं दोन बारीक छिद्रें होतीं. टोपी बसविण्याच्या पद्धती दोन. बॉक्सर हा इंग्रज अधिकारी. त्याच्या पद्धतींत मध्यें एकच छिद्र असतें, आणि आंतून सळई घालून जुनी टोपी सहज ढकलतां येते. बर्डन अमेरिकन, त्याच्या पद्धतींत ऐरण नळकांड्याच्याच बुडांत घडविलेली, म्हणून सळई चालत नाहीं. गंमत अशी कीं, इंग्रजाची पद्धत अमेरिकेनें उचलली आणि अमेरिकनाची विलायतेनें. त्यामुळें अमेरिकेंत शेतकरीसुद्धां घरीं काडतुसें भरूं लागला, व आमच्याकडे येणारीं विलायती काडतुसें एकदां उडालीं कीं फुलपात्राइतक्याच उपयोगाचीं उरलीं. त्यांतून १८८९ सालीं एबल व ड्यूअर यांनीं शोधलेली कॉर्डाइट नांवाची दारू शेवयांसारख्या काड्यांची असते. लष्करी ३०३ चें काडतूस करतांना त्या काड्या आधीं भरीत व मग नळकांड्याची मान आवळीत. असलें काम ओसरीवर होणारें नव्हे. कॉर्डाइटला ऊनही सोसत नाहीं. काडतूस तापलें कीं आंतला दाब वाढतो आणि ऐन वेळीं रिकामें नळकांडें अडकून बसतें. म्हणून वैशाखांत काकांची काडतुसांची पेटी माजघरांत, पाण्याच्या माठांपासून चार हात दूर, थंड कोपऱ्यांत असे. बार काढून आल्यावर टोपींतला क्षार नळी खाऊं नये म्हणून बंबांतलें कढत पाणी नळींतून ओतावें लागे. तें पाणी आजी मुकाट्यानें देई.

भरणें जमत नसल्यामुळें निवड तेवढी हातीं उरे, आणि काकांचा सारा कटाक्ष तिच्यावर. रायफलीबरोबर आलेल्या पेटींत दोन जातींच्या गोळ्या होत्या. एकीच्या शिशावर कवच असे, पण नाकाशीं शिसें उघडें; तिला ते 'मऊ' म्हणत. दुसरीचें नाकही कवचानें मढविलेलें, ती 'टणक'. मऊ गोळी अंगांत शिरतांच कमळासारखी उमलते, रुंद जखम करते आणि बहुधा तेथेंच थांबते. टणक गोळी न उमलतां सरळ जाते. गवा किंवा हत्ती यांचें जाड कातडें व हाड भेदावयास तीच हवी. पण बिबळ्या किती जाड? पातळ कातड्याचें, मणाच्या आसपास वजनाचें जनावर. त्याला टणक गोळी सुईसारखी आरपार जाते, आणि हृदय किंवा कणा सांपडला नाहीं तर तें पळतें. मऊ गोळीचा इतिहासही चमत्कारिक आहे. ती कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यांत १८९६ च्या सुमारास लष्करासाठीं निघाली. १८९९ च्या हेग परिषदेनें युद्धांत तिला मना केलें. जी माणसावर झाडणें क्रौर्य ठरलें तीच जनावरावर झाडणें ही दया, असें शिकारी म्हणतात. काका म्हणत, "दया जनावरावर नव्हे, हाकाऱ्यावर. जखमी वाघ वकिलाला शोधीत येत नाहीं. तो वाटेंत ज्याला गांठतो तो मोळी विकणारा असतो."

टणक गोळ्यांचें आमच्याकडे कांहींच काम नव्हतें. तरी मोलाची वस्तु म्हणून काकांनीं त्या लाल फडक्यांत निराळ्या बांधून ठेवल्या होत्या. पट्ट्यांत नेहमीं मऊच असावयाच्या.

१९५८ सालच्या मार्गशीर्षांत माळशेज घाटाच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून निरोप आला. पंधरा दिवसांत दोन वासरें व एक कुत्रें गेलें होतें. आम्ही त्या वेळीं बारा वर्षांचे. पट्टा भरून ठेवण्याचें काम त्या वर्षापासून आमच्याकडे आलें होतें, व त्याचा आम्हांस मोठा अभिमान होता. आदल्या रात्रीं काकांकडे अशिलें बसलीं होतीं. आम्हीं पेटी उघडली, लाल फडकें सोडलें आणि त्या टणक गोळ्या पाहत बसलों. त्यांची निकलाची नाकें कशीं झळकत होतीं! मऊ गोळ्यांचें उघडें शिसें त्यांच्यापुढें मळकट दिसे. आम्हीं चार काडतुसें निवडलीं, देवाचीं उपकरणीं घासावीं तशीं त्यांचीं पितळी अंगें राखेनें घासून लख्ख केलीं, आणि पट्ट्याच्या पहिल्या चार घरांत खोंचलीं. फरक आम्हांस ठाऊक नव्हता असें नव्हे. काकांनीं तो दहा वेळां सांगितला होता. त्या रात्रीं तो आठवला नाहीं, एवढेंच खरें.

किन्हवलीवरून सरळगांव व तेथून टोकावड्याकडे, असा प्रवास कांहीं मोटारीनें व कांहीं बैलगाडीनें झाला. पहांटे धुकें इतकें होतें कीं बैलांचीं शिंगें दिसेनात. गाडीच्या कंदिलाच्या उजेडांत काकांनीं पहिलीं चार काडतुसें काढून रायफलींत सारलीं. थंडीनें त्यांचीं बोटें बधिर झालीं होतीं, आणि घरचा पट्टा पाहून घेण्याचें त्यांना कारण नव्हतें. आम्हांस पाड्यावर पाटलांच्या अंगणांत शेकोटीपाशीं बसविलें.

उन्हें वर आल्यावर हाका सुरू झाला. डबे, ढोल, आरोळ्या. मग रायफलीचा एक बार, आणि पुढें बराच वेळ कांहीं नाहीं. अंगणांतल्या म्हाताऱ्यानें मान हलविली. नंतर माणसाची किंकाळी ऐकूं आली व तिच्या पाठोपाठ दुनळीचा बार.

घडलें तें असें. बिबळ्या काकांच्या समोरून तीस पावलांवरून गेला. गोळी छातीच्या किंचित् मागें बसली आणि आरपार निघाली. जनावर एकदां वांकलें व करवंदीच्या जाळींत शिरलें. काकांनीं हाका थांबविण्याची आरोळी दिली. पण ओहोळाच्या अंगानें येणारा एक ठाकर तरुण, त्याला ती ऐकूं गेली नाहीं. जाळीशीं तो पोहोंचतांच बिबळ्यानें त्याचा उजवा खांदा व दंड धरला. काका दुनळी घेऊन धांवले आणि हाताच्या अंतरावरून बार काढला. बिबळ्या तेथेंच पडला. आम्ही इतरांबरोबर गेलों तेव्हां रक्तांत व करवंदीच्या पाल्यावर चकतीचे जळके तुकडे पडले होते. एकावर तांबड्या शाईचा 'श्री' शाबूत होता.

त्या तरुणाला घोंगडीच्या झोळींतून सडकेवर, तेथून लॉरीनें मुरबाडास व पुढें कल्याणास नेलें. बिबळ्याच्या नखांत सडकें मांस असतें, त्यामुळें जखम चिघळते. पण पेनिसिलिनचे दिवस आले होते, तो वांचला. हात मात्र कोंपरापासून आंखडला. कुऱ्हाड धरणें संपलें.

रात्रीं काकांनीं पाटलांच्या घरीं रायफल रिकामी केली. उरलेलीं तीन काडतुसें हातावर घेऊन त्यांनीं दिव्याशीं धरलीं आणि पुष्कळ वेळ पाहिलीं. मग ते म्हणाले, "बार भरणाऱ्यानें पाहून भरावा." ते आमच्याकडे पाहत नव्हते. हें वाक्य पट्टा भरणाऱ्याविषयीं होतें कीं रायफल भरणाऱ्याविषयीं, हें आम्हांस आजतागायत उलगडलें नाहीं. दुसरे दिवशीं आम्हांस गाडींत बसवून ते एकटेच रानांत गेले व दोन घटकांनीं परतले.

पुढल्या वर्षीं रायफल विकली गेली. त्या ठाकराच्या घरीं सुगीला भात जाई. त्याची दोन मुलें आमच्याकडे राहून शाळा शिकलीं. तो दर दिवाळीला उकडलेले करांदे घेऊन येई, ओसरीवर बसे आणि आमच्या पाठीवर डाव्या हातानें थाप मारी. आम्ही कॉलेजांत गेलों, नोकरीस लागलों, मुलांचे बाप झालों. त्याला खरें सांगण्याचा बेत दर दिवाळीस केला व दर दिवाळीस मोडला. तो वारला तेव्हां आम्ही पुण्यास होतों.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीचा प्रकार मिटला. तत्पूर्वीं १९७० सालींच तानसाचें अभयारण्य झालें होतें. बिबळ्या अद्यापि दोन्ही तालुक्यांत आहे, आणि वासरेंही नेतो. आतां तो फार माजला तर वनखात्याचे लोक गुंगीच्या औषधाची सुई मारतात. तींत जनावराच्या वजनाचा अंदाज चुकला तर काय होतें, हें एका पशुवैद्यानें आम्हांस समजावून दिलें. ऐकतांना आम्हांस लाल फडकें आठवत होतें.

काका गेल्यावर त्यांचें कपाट आंवरण्याचें काम काकूंनीं आमच्यावर सोंपविलें. पंचांगांच्या गठ्ठ्यामागें गंधाची एक जुनी चांदीची डबी निघाली. आंत कापसावर एक गोळी होती. नाकावर चिराही नाहीं, फक्त अंगावर नळीच्या आट्यांचे ओरखडे व एका बाजूस ऐनाच्या सालीचा काळसर डाग. तिच्या शेजारीं एक उडालेलें पितळी नळकांडें होतें, राखेनें घासून लख्ख केलेलें. इतक्या वर्षांनींही त्याची झळाळी फारशी उतरली नव्हती.

काकू दाराशीं उभ्या होत्या. त्यांनीं विचारलें, "तें काय आहे तुला ठाऊक आहे ना?"

आम्ही "हो" म्हणालों.