आधी दोरा, मग सुई

घरातल्या यंत्रांना बिघडायची वेळ बरोबर कळते. मिक्सर पाहुणे यायच्या दिवशी बंद पडतो, गॅस सणाच्या सकाळी संपतो आणि पाण्याची मोटर नेमकी पाणी यायच्या दिवशी रुसते. ह्या मंडळींत आता लॅपटॉपची भर पडली आहे. पूर्वी हे यंत्र ऑफिसात जाणाऱ्यांचं होतं. २०२० साली मुलांची शाळा घरात आली आणि कितीतरी घरांत ते जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं, ते पुन्हा उठलंच नाही. मुलांचा अभ्यास, लाइटबिल, बँकेची कामं, नाना तऱ्हेचे फॉर्म आणि आपल्यातल्या कितीतरी जणींना चार पैसे मिळवून देणारं काम, सगळं आता त्याच्यावरच चालतं.

ह्या यंत्राचं एक दुखणं फार घरांत दिसतं. वायर लावलेली असते, बटण चालू असतं, पडद्याच्या कोपऱ्यात प्लगचं चित्रही दिसतं. पण बॅटरी काही भरत नाही. आकडा जिथल्या तिथे. तुमच्याही घरी झालं असेल, किंवा होईल. म्हणून आमच्या घरची हकीकत जरा सविस्तर सांगते.

मी सांगलीला असते. पुण्याच्या एका प्रकाशकाकडची मुद्रितं घरी तपासून देते. पूर्वी कागदाचे गठ्ठे यायचे, आता सगळं लॅपटॉपवर येतं. हा लॅपटॉप मी २०२१ साली त्याच कामाच्या पैशांतून घेतला. गेल्या उन्हाळ्यात एका गुरुवारी त्यानं हे दुखणं काढलं. बॅटरी सात टक्क्यांवर अडकली, आणि खाली इंग्रजीत ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’. म्हणजे वायर लागली आहे, पण बॅटरी भरत नाही. सोमवारी एकशे ऐंशी पानं द्यायची होती. वायर लावून काम होत होतं म्हणा, पण यंत्र गोगलगायीसारखं चालायचं, आणि त्या आठवड्यात लाइटचं काही खरं नव्हतं. लाइट गेली की लॅपटॉप पट्कन बंद, आणि तपासलेलं पान हातचं गेलं.

संध्याकाळी हे लॅपटॉप दुकानात घेऊन गेले आणि अर्ध्या तासात परतले.

“मदरबोर्ड गेला असणार म्हणतो. अकरा हजार सांगतोय. त्यापेक्षा नवाच घ्या म्हणाला. दिवाळीत बघू या आपण. तोवर तुझं ते काम थांबव ना थोडं.”

ह्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. घरखर्चाची ओढाताण मलाही ठाऊक आहे. पण ‘तुझं ते काम’ हे शब्द मनात रुतून बसले. मागे ह्यांची स्कूटर बंद पडली होती, तेव्हा ‘दिवाळीपर्यंत ऑफिसला जाऊ नका’ असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. त्याच दिवशी मेकॅनिक घरी आला होता.

सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “त्यानं उघडून बघितलं का रे?”

“नाही.”

“मग त्याला कळलं कसं?”

ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. सासूबाईंनी पंचवीस-तीस वर्षं घरी शिवणकाम केलेलं. पोलकी, परकर, झबली, शाळेचे गणवेश. त्या मला म्हणाल्या, “शिलाई तुटायला लागली, की आधी दोरा बघावा. नीट ओवलाय का? मग सुई बघावी. बोथट झालीय का, उलटी बसलीय का? मग बॉबिन. एवढं झालं, की मग मशीनवाल्याला बोलवावं. निम्म्या वेळा बोलवावं लागत नाही. आणि एका वेळी एकच बदलावं. सुई आणि दोरा दोन्ही बदललंस, तर दोष कुणाचा होता ते कळायचं नाही.”

थोड्या वेळानं आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “माझं मशीन बंद पडलं, की घरात घाई कुणालाच नसायची. कपडे लोकांना द्यायचे असायचे ते मला.”

रात्री सगळं आवरल्यावर मी बसले. दोरा म्हणजे काय, सुई म्हणजे काय, हे आधी मनाशी ठरवलं. वीज भिंतीतून निघते, वायरीतून चार्जरच्या ठोकळ्यात येते, ठोकळ्यातून बारीक वायरीनं लॅपटॉपच्या भोकात शिरते आणि शेवटी बॅटरीत जाते. तेव्हा भिंतीपासून निघायचं आणि बॅटरीपाशी पोचायचं.

पहिली भिंत. एक्स्टेन्शन बोर्ड काढला आणि चार्जर सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये लावला. त्याआधी त्याच प्लगवर टेबललॅम्प लावून पाहिला. लागला. भिंत निर्दोष.

दुसरी जाड वायर. ही ठोकळ्याच्या बाजूनं निघते, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. घरात झाडलोट करताना, टेबल सरकवताना ती जरा सैल होते. काढून पुन्हा घट्ट बसवली. ठोकळ्यावरचा बारीक दिवा लागला. म्हणजे वीज इथवर येत होती.

तिसरी गोष्ट लॅपटॉपच्या आतली. बॅटरी जास्त दिवस टिकावी म्हणून बऱ्याच कंपन्यांनी एक सोय ठेवलेली असते. ती चालू असली, की बॅटरी साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर मुद्दाम थांबते. तुमचा आकडा तिथेच अडत असेल, तर तो बिघाड नव्हे. सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद केली, की झालं. माझा आकडा सातवर होता, तेव्हा हे कारण बाद.

चौथी गोष्ट करायला सोपी, आणि कितीदा तरी तेवढ्यानंच काम होतं. लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, चार्जर काढायचा आणि चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. आत उरलेली वीज निघून जाते आणि चार्जिंग सांभाळणारा भाग नव्यानं जागा होतो. बॅटरी बाहेरून निघणारी असेल, तर तीही आधी काढावी. मी केलं. सात ते सातच.

पण लॅपटॉप पुन्हा चालू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या. एरवी असल्या ओळींकडे कोण बघतं? ह्या वेळी मोबाइलवर फोटो काढला आणि निवांत वाचला. चार्जर कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखता येत नाही, असं लॅपटॉप सांगत होता.

मग टॉर्च लावून चार्जरचं टोक पाहिलं. काही कंपन्यांच्या चार्जरला गोल टोकाच्या मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. ती वीज आणत नाही, चार्जरची ओळख सांगते. ‘मी इतक्या ताकदीचा आहे, माझ्याकडून इतकंच घे,’ असा निरोप ती देते. तो निरोप पोचला नाही, की लॅपटॉप सावध होतो. स्वतः जेमतेम हळूहळू चालतो, पण बॅटरी भरायला घेत नाही. माझं यंत्र गोगलगायीसारखं का चालत होतं, त्याचा उलगडा झाला. पिन तर जागेवर होती; पण टोकाजवळ वायर दुमडून तिचं वरचं आवरण विरलेलं दिसलं. रोज उघडझाप करताना वायर तिथंच वाकते, आणि आतली बारीक तार तुटली तरी बाहेरून काही समजत नाही.

लॅपटॉपच्या भोकातही टॉर्चनं पाहून घ्यावं. धूळ असली तर यंत्र बंद करून मऊ कोरड्या ब्रशनं झटकावी. टाचणी, सुई, हेअरपिन आत मुळीच घालू नये. चार्जर लावल्यावर टोक लटलटत असेल किंवा एका बाजूला धरलं तरच दिवा लागत असेल, तर दोष भोकाचा. ते काम कारागिराचं; पण एवढ्यासाठी सगळा मदरबोर्ड बदलावा लागतोच असं नाही.

शुक्रवारी सकाळी शेजारच्या वहिनींकडे गेले. त्यांच्या कॉलेजातल्या मुलाकडे त्याच कंपनीचा लॅपटॉप आहे. दोन्ही चार्जरवरचे आकडे जुळवून पाहिले आणि त्याचा चार्जर दहा मिनिटांसाठी मागून आणला. लावल्याबरोबर बॅटरीचा दिवा लागला. सातचे आठ झाले, आठचे नऊ. अकरा हजारांचा मदरबोर्ड ठणठणीत होता!

नवा चार्जर आणायला मी स्वतः गेले, दुसऱ्या दुकानात. दुकानदारानं एक काढून दिला. “हाच बसतो सगळ्यांना, ताई.” टोक बसत होतं हे खरं. पण चार्जरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार केला की वॅट निघतात. माझ्या जुन्यावर १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर होते, म्हणजे पासष्ट वॅट. हातात दिलेल्यावर १९.५ आणि २.३१, म्हणजे पंचेचाळीसच. व्होल्ट जुळायलाच हवेत आणि वॅट मूळच्याइतके तरी हवेत. दुकानदारानं आतून दुसरा काढला. त्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता, तोही पाहून घेतला. चौदाशे पन्नास रुपये झाले. मोबाइलसारख्या चपट्या टोकाचा चार्जर तुमच्या लॅपटॉपला लागत असेल, तर हा गुणाकार आणखी महत्त्वाचा. मोबाइलचा अठरा-वीस वॅटचा चार्जर त्याला बसतो, पण तेवढ्यानं मोठ्या यंत्राचं पोट भरत नाही.

आता बॅटरीविषयी. ती अमर नसते. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि ती घडवणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो ह्या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण नोबेल मिळालं तरी झीज कुणाला चुकली आहे? प्रत्येक भरण्या-उतरण्यात ती थोडी थोडी कमी होत जाते. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर ‘बॅटरी रिपोर्ट’ नावाचा अहवाल निघतो. घरातल्या मुलाला सांगा, काढून देईल. त्यात दोन आकडे पाहायचे: नवी असताना किती मावत होतं आणि आता किती मावतं. माझे बेचाळीस हजार आणि सत्तावीस हजार निघाले. म्हणजे वय झालंय, पण अजून कामाची आहे. आकडा निम्म्याच्याही खाली गेला, तर बॅटरी बदलायचा विचार करावा.

उष्णता तिची वैरीण. लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवला, की खालची हवा यायची भोकं बंद होतात आणि यंत्र तापतं. त्यापेक्षा पाट किंवा मोठा ट्रे बरा.

एक गोष्ट मात्र अगदी कळकळीनं सांगते. टचपॅड वर उचललेला वाटला, झाकण नीट मिटेनासं झालं, किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. तिथे घरचे प्रयोग नकोत. चार्जर काढा, यंत्र बंद करा आणि जाणकाराकडे न्या. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, आग लागते. आणि जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. २०२२ च्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर आहे, तेव्हा कंपनीच्या केंद्रात विचारावं.

दुकानात जावं लागलं, तर रिकाम्या हातानं जाऊ नये. काय काय तपासलं ते कागदावर लिहून न्यावं. ‘मदरबोर्ड’ शब्द आला, की शांतपणे विचारावं, “दुसरा चार्जर लावून पाहिलात का? माझ्यासमोर लावून दाखवा.” एवढं म्हटलं, की बोलण्याचा सूर पुष्कळ बदलतो.

सोमवारी दुपारी एकशे ऐंशी पानं पुण्याला गेली. संध्याकाळी हिशेबाची वही घेतली. आमच्या वहीत दूध, किराणा, औषधं, ह्यांचं पेट्रोल असे रकाने आहेत. माझ्या कामाचा काही खर्च झालाच, तर तो इतकी वर्षं ‘किरकोळ’मध्ये जायचा. ह्या वेळी पट्टी घेऊन एक नवा रकाना आखला, वर ‘माझं काम’ असं लिहिलं आणि खाली पहिली नोंद केली: चार्जर, १,४५० रुपये.

महिनाअखेरीला ह्यांनी नेहमीप्रमाणे वही पाहिली. त्या रकान्यावर बोट ठेवून क्षणभर थांबले, आणि मग बेरजेत तोही आकडा धरला. सासूबाईंनी चश्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.