आधी सांगा, इंजिन फिरतं का?



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. घरात गाडी हा एकच विषय चालू होता, म्हणून आज गाडीचंच लिहिते. ज्यांच्या घरी जुनी डिझेल गाडी आहे, त्यातही ऑटोमॅटिक, त्यांनी जरूर वाचा.

आमची गाडी २०१२ सालची. माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा क्लचची गाडी बंद झाली आणि ही वापरलेली ऑटोमॅटिक आली. हिच्यात डाव्या पायाला कामच नाही. हे दुकानात, मुलगा पुण्यात, आणि सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. जयसिंगपूरहून मिरजेला त्यांना मीच नेते. डायलिसिस संपायला साडेचार होतात. सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नियम, आणि डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे माझ्या हातात तास-दीड तास. एकदा दवाखान्याच्या आवारात गाडी अडली, दिरांना बोलावलं, घरी पोचेपर्यंत अंधार पडला. आई काही न घेता झोपल्या. डायलिसिसच्या दिवशी रिकाम्या पोटी झोपणं म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना सांगायला नको. त्या सकाळपर्यंत जागत बसल्या होत्या आणि मीही.

यांनी गॅरेजला फोन केला, ‘गाडी सुरू होत नाही.’ त्यांनी बॅटरी बदलली. आठ दिवसांत पुन्हा तेच. मग निदान आलं की डिझेलचा पंप आणि इंजेक्टर गेलेत, ऐंशी हजारांच्या आसपास खर्च येईल. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाले, ‘वहिनी, साहेबांना पाठवा, हे तुम्हाला नाही कळायचं.’

कळण्यासारखं होतं ते असं. ‘गाडी सुरू होत नाही’ या एका वाक्यात दोन वेगळे आजार राहतात. एकात किल्ली फिरवली की काहीच होत नाही, फार तर ‘टक्’ होतं. दुसऱ्यात स्टार्टर इंजिनाला फिरवतो, घर्र-घर्र आवाज येतो, पण इंजिन पकड घेत नाही. पहिल्याचं कारण विजेच्या बाजूला शोधायचं, दुसऱ्याचं बहुधा डिझेलच्या बाजूला. मूल रडतंय एवढंच डॉक्टरला सांगून भागत नाही, ताप आहे की पोट दुखतंय ते सांगावं लागतं.

आमच्या दिनदर्शिकेवर मी अष्टमी-चतुर्दशीच्या खुणा करतेच. त्याच चौकोनांत गाडीचं लिहायला लागले. किती वेळ उभी होती, फिरली का, किती सेकंद फिरवावी लागली. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट झालं. रात्रभर उभी राहिली की सकाळी फिरते पण पकडत नाही, तिसऱ्या-चौथ्या वेळी धूर सोडून सुरू होते. त्यानंतर दिवसभर एका सेकंदात. आणि दवाखान्याच्या आवारात जे व्हायचं ते अगदी निराळं, तिथे मुळी फिरतच नव्हती. म्हणजे एकाच महिन्यात दोन्ही आजार जडले होते, आणि सगळे मिळून त्यांना एकच समजत होते.

न फिरण्याचं आधी सांगते. मुलाचा मल्टिमीटर घरात पडून होता. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्ट, आणि स्टार्टर फिरताना १०.४. फिरताना साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरीवर किंवा तिच्या जोडण्यांवर संशय घ्यायचा. इथे तसं काहीच नव्हतं. जेव्हा गाडी गप्प राहायची तेव्हा तर आकडा जागचा हलायचाही नाही, समोरचे दिवे लख्ख. बॅटरीत जोर आहे, पण स्टार्टरपर्यंत हुकूमच पोचत नाही.

ऑटोमॅटिक गाडी फक्त पी किंवा एन मध्येच सुरू होते. गिअरबॉक्सवर एक स्विच असतो, दांडी कुठे आहे ते तो गाडीला कळवतो. तो झिजला, आत ओल गेली, तर दांडी पी मध्ये असूनही गाडीला ते समजत नाही आणि ती स्टार्टर फिरू देत नाही. एकदा अशीच गप्प झाली तेव्हा मी डॅशबोर्डकडे नीट पाहिलं. पी हे अक्षरच उमटलेलं नव्हतं! ब्रेक दाबून ठेवला, दांडी एन वर आणली, किल्ली फिरवली, सुरू. आठवड्यात तीनदा हेच करून पाहिलं, तिन्ही वेळा एन वर चालली.

वॉचमन आणि दोन वॉर्डबॉय धक्का मारायला धावून आले होते, बिचारे. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. गिअरबॉक्समधल्या तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद तर तेलाला दाब नाही, आणि दाब नाही तर चाकांचं फिरणं इंजिनापर्यंत पोचतच नाही. याच कारणाने दोर बांधून लांब ओढतही नेऊ नका, आत तेल न फिरता गिअरबॉक्स घासून निघतो. पाटाच्या ट्रकवर चढवूनच न्यायची.

आता सकाळचं दुखणं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की पेटतो. आमच्यासारख्या गाड्यांत डिझेल आधी एका जाड नळीत प्रचंड दाबाने साठवलं जातं, तो दाब ठरावीक पातळीला पोचल्याशिवाय इंजेक्टर उघडत नाहीत. म्हणून ‘फिरते पण पकडत नाही’ म्हटलं की पहिला प्रश्न, दाब तयार होतोय का? हीटर प्लगवरही एकाने बोट ठेवलं होतं, पण आमच्याकडे थंडी ती केवढी. शिवाय प्लग गेले असते तर तक्रार नोव्हेंबरातल्या उकाड्यात सुरू झाली नसती. ती सुरू झाली सर्व्हिसिंगनंतर, म्हणजे डिझेल फिल्टर बदलल्यावर. हेही दिनदर्शिकेवरच होतं.

आमच्या गाडीत पंप टाकीतलं डिझेल ओढून घेतो. ओढणाऱ्या नळीला बारीक फट असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणूनच गाडीखाली एक थेंबही नव्हता. रात्रभरात हवा शिरते, डिझेल मागे टाकीकडे उतरतं, सकाळी पंप हवाच ओढत बसतो. हे खरं की खोटं ते पाहायला पैसा लागत नाही. फिल्टरपाशी हाताने दाबायचा रबरी फुगा असतो (सगळ्या गाड्यांत नसतो, आमच्यात आहे). सकाळी बॉनेट उघडून तो कडक होईस्तोवर दाबला आणि किल्ली फिरवली. पहिल्याच वेळी सुरू. दुसऱ्या दिवशी मुद्दाम न दाबता पाहिलं, तीन वेळा फिरवावी लागली. तिसऱ्या दिवशी दाबला, पुन्हा लगेच.

एवढं कळल्यावर मी दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेले. दिनदर्शिकेचं पान फाडूनच नेलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं, हसले नाहीत. रात्रभर गाडी ठेवून घेतली. सकाळी मशीन लावून दाब बघितला: बराच वेळ अगदी कमी, मग एकदम चढला आणि त्याच क्षणी इंजिन पेटलं. चारही इंजेक्टरांना बाटल्या लावून परत येणारं डिझेल मोजलं. चार बाटल्यांत सारखीच पातळी, म्हणजे इंजेक्टर निर्दोष. मग फिल्टर आणि पंपाच्या मधे पारदर्शक नळी जोडून मला बोलावलं, ‘या, बघा ताई.’ नळीतून उकळत्या पाण्यासारखे बुडबुडे जात होते.

फिल्टर बसवताना त्याचं रबरी सील दुमडून बसलं होतं. सील आणि मजुरी मिळून साडेचारशे रुपये.

दोन गोष्टी मात्र घरी करायच्या नाहीत. आधीच्या गॅरेजमधला पोरगा इंजिनाच्या हवेच्या वाटेत पेटता स्प्रे मारायला निघाला होता. आत हीटर प्लग तापलेले असतात, तो स्प्रे भलत्याच वेळी पेटून इंजिन फोडू शकतो. आणि पंपापासून इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या कधीही सैल करायच्या नाहीत, गळतंय का म्हणून बोटही लावायचं नाही. तिथला दाब डिझेल कातडीतून आत घुसवण्याइतका असतो, आणि तसं झालं तर तो ऑपरेशनचाच मामला. किल्लीही दहा सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, मधे अर्धा मिनिट तरी स्टार्टरला गार होऊ द्या.

गिअरचा स्विच मागवावा लागला, यायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत दोन डायलिसिस झाली. दोन्ही वेळा पी वर गप्प, एन वर सुरू. दुसऱ्या वेळी मागच्या सीटवरून आईच म्हणाल्या, ‘अगं, अक्षर उमटलं नाही बघ, दांडी खाली घे.’ पावणेसहाला आम्ही ताटावर होतो.