नादांच्या मुलखातून: हनामाकी ते कामाइशी

ईशान्य जपानातील तोहोकु विभागाकडे जाणाऱ्या प्रवाशांचे तोक्योतील जुने महाद्वार म्हणजे उएनो स्थानक. इवाते प्रांतात जन्मलेला कवी इशिकावा ताकुबोकु याने, आपल्या मुलखाची बोली कानी पडावी म्हणून स्थानकाच्या गर्दीत शिरण्याविषयी एक लहानशी कविता लिहिली. १९१० साली संग्रहात आलेली ती रचना या स्थानकात कोरून ठेवली आहे. तिच्यासमोर क्षणभर उभा राहून मी गाडीत बसलो. जपानी माणूस देहाची पीडा आणि मनाची अवस्था ज्या नादानुकारी शब्दांनी सांगतो, ते शब्द कोशाबाहेर, ज्यांचे ते आहेत त्यांच्याच मुखातून ऐकावेत, हा या प्रवासाचा हेतू होता.

कोशांनी त्यांची गणना करून ठेवलेलीच आहे. २००७ साली शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या कोशात अशा सुमारे ४५०० शब्दांची नोंद आहे. प्रत्यक्ष ध्वनीचे अनुकरण करणारे ते गिओंगो. ज्या स्थितीला मुळात आवाजच नाही तिला नादरूप देणारे ते गिताइगो. आणि त्यांतही भावना व संवेदना व्यक्त करणाऱ्यांना गिजोगो असे निराळे नाव देण्याचा प्रघात आहे. परंतु हा शास्त्रीय तपशील सजीव झाला तो गाडीत शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांमुळे. माझी जिज्ञासा कळताच त्यांनी आपल्या दुखण्यांची कैफियत मोठ्या आस्थेने सांगितली. कळ एकदाच उठून गेली तर ती ‘झुकिन’, आणि नाडीच्या ठेक्यावर ठसठसत राहिली तर ‘झुकिझुकि’. त्वचेला सौम्य झिणझिण्या आल्या तर ‘पिरिपिरि’, आणि विजेचा झटका बसल्यासारखे झाले तर ‘बिरिबिरि’. व्यंजन घोष झाले की संवेदना जड, उग्र किंवा खरखरीत होते आणि शब्दाची द्विरुक्ती झाली की ती सतत चालू राहते, हे नियम त्यांनी कोठे वाचलेले नव्हते. त्यांच्या जिभेला ते उपजत ठाऊक होते. पोटात पीळ पडून तीव्र कळा येतात त्या ‘किरिकिरि’, आणि मंद, रेंगाळणारी वेदना ती ‘शिकुशिकु’. हाच शिकुशिकु शब्द मुसमुसत रडण्यालाही लावतात आणि मळमळीचा ‘मुकामुका’ मनात उसळणाऱ्या संतापालाही चालतो, हे ऐकताना देह आणि मन यांच्यामध्ये या भाषेने भिंत घातलेली नाही, अशी माझी खात्री झाली. ठसठस, भणभण, मळमळ, हुरहूर, घालमेल अशा शब्दांत वाढलेल्या मराठी कानाला हे सारे अपरिचित वाटणे शक्यच नव्हते.

शिन-हनामाकीला उतरून मी कोशिओ टेकडीवरील मियाझावा केंजी स्मारक-संग्रहालय पाहिले. १८९६ साली हनामाकीत जन्मलेला हा कवी कृषिशाळेत शिक्षक होता. १९२६ साली ती नोकरी सोडून त्याने स्वतः शेती आरंभिली, शेतकऱ्यांना खतांविषयी विनामूल्य सल्ला दिला, आणि १९३३ साली, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, तो निवर्तला. वारा, प्रकाश आणि भय यांच्यासाठी त्याने कोशात नसलेले नाद स्वतः घडविले. हे बळ त्याला ज्या लोकांत तो वावरला त्यांच्या वाणीतूनही लाभले असावे, असे त्याचे साहित्य व त्याचे जीवन शेजारी ठेवून पाहता मला निश्चयाने वाटते.

तेथून पूर्वेस कामाइशी मार्गाची छोटी गाडी निघते. हनामाकीपासून ९०.२ किलोमीटरांचा हा मार्ग ज्या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेवरून विकसित झाला, तिच्यावरूनच केंजीला आपल्या कथेतील आकाशगंगेच्या आगगाडीची कल्पना सुचली असे मानतात. म्हणूनच येथील प्रत्येक स्थानकाला त्याच्या आवडत्या एस्पेरांतो भाषेतील एक उपनाव बहाल केलेले आहे. मियामोरीचा कमानदार पूल ओलांडून आपण तोनोच्या खोऱ्यात शिरतो. यानागिता कुनिओने येथील लोककथा जशा ऐकल्या तशा टिपून १९१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या, आणि जपानी लोकसाहित्याच्या अभ्यासाचा पाया घातला. मग डोंगर उतरून गाडी समुद्रकाठच्या कामाइशीस पोहोचते.

११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आलेल्या सागरी लाटांनी या किनाऱ्याची दैना केली. दूरदूरच्या प्रांतांतून वैद्य व परिचारिका धावून आल्या. औषधे होती, सेवाभाव होता, परंतु वृद्ध रुग्ण आपली पीडा ज्या शब्दांत सांगत ते शब्द पाहुण्यांना कळेनात. प्रमाण जपानीत ‘नियानिया’ म्हणजे ओठांत दाबलेले, काहीसे खोचक हसू. येथील माणूस मात्र पोट नियानिया करते म्हणतो तेव्हा ते आतून दुखत असते. छाती ‘हाकाहाका’ करते याचा अर्थ धडधड वाढून दम लागला आहे. ही अडचण ओळखून राष्ट्रीय जपानी भाषा संशोधन संस्थेतून ताकेदा कोको या विदुषींनी सिद्ध केलेला तोहोकु बोलींतील अशा शब्दांचा उदाहरणसंग्रह २०१२ साली प्रसिद्ध झाला. आओमोरी, इवाते, मियागी आणि फुकुशिमा या चार प्रांतांतील शब्द त्यात अर्थासह दिले आहेत. भाषाशास्त्राचे दप्तर रुग्णाच्या उशाशी जाऊन पोहोचल्याचे याहून उदात्त उदाहरण मला माहीत नाही.

नादानुकारी शब्दांना बालभाषा समजून प्रौढ लेखनाच्या उंबरठ्याबाहेर ठेवण्याची वृत्ती पुष्कळ विद्वानांत आढळते. या प्रवासाने मला तिच्या अगदी उलट टोकाला आणून सोडले. वेदना ज्याची त्यालाच भोगावी लागते. ती दुसऱ्यास दाखविता येत नाही, मोजून देता येत नाही. आणि तरीही एखादा समाज पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे ऐकत ऐकत तिच्या छटांना सर्वमान्य नाद नेमून देतो, ही मानवी सहानुभूतीची फार मोठी कमाई आहे. ज्याचे घरदार लाटेने नेले, त्याच्यापाशी आपले दुःख नेमके सांगणारा शब्द तरी शिल्लक असतो. तो समजून घेण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर आहे, आणि ती उपचाराच्या आधी येते.